सहाव्या पायरीवरचा चहा

पाणी किती अंशांना उकळतं हे महाराष्ट्रात सगळ्यांना माहीत आहे, म्हणून ते कोणी मोजत नाही.

मीही मोजलं नव्हतं. मी हर्षद गुजर, विज्ञानाचा शिक्षणसेवक. शिक्षणसेवक म्हणजे असा शिक्षक, ज्याला तीन वर्षं शाळा उद्या काढून टाकू शकते आणि जो तीन वर्षं रोज उद्याचा फळा पुसून ठेवतो. आमची शाळा धावलीच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून बाराशे तीस मीटर उंचीवर. हा आकडा फाटकावरच्या पाटीवर ठळक रंगवलेला आहे. त्याखालून रोज दोनशे मुलं आणि आठ शिक्षक आत जातात. पाटीचा रंग चांगला आहे एवढंच आजवर कोणी म्हटलं होतं.

दोन हजार एक्केचाळीस साली आमच्या प्रयोगशाळेत 'प्रत्यय' आलं. दिसायला साधं टेबल. वर चार कॅमेरे, एक उष्णता पाहणारा डोळा आणि कोपऱ्यात बोलणारा पडदा. मुलांनी टेबलावर प्रयोग करायचा, प्रत्ययने पाहायचं, जर्नलमधली नोंद वाचायची आणि वीसपैकी गुण द्यायचे. दहावीला हे गुण मिळाले नाहीत तर अकरावीला विज्ञान शाखा बंद. मधे शिक्षकाची लुडबूड नको, असं शासनाचं धोरण होतं. त्याबद्दल शासनाला दोष देता येत नाही, त्यांनी आम्हाला पाहिलेलं आहे.

हे यंत्र शिकलं कसं, ते सांगायला हवं. अशा यंत्राला कोणी नियम सांगत नाही. त्याला ढीगभर उदाहरणं दाखवतात आणि ते त्यांतून स्वतःच काढतं की साधारण काय घडतं. ज्याची उदाहरणं जास्त, ते त्याच्या लेखी खरं. आता विज्ञानाची उदाहरणं कुठून आणायची? शास्त्रज्ञांची तारीख मिळत नव्हती. मग यंत्र बनवणाऱ्या शासनाच्या समितीला कोणीतरी सुचवलं की राज्यातल्या शाळांच्या कपाटांत पन्नास वर्षांची दहावीची जर्नलं पडून आहेत. कोट्यवधी प्रयोग, मुलांनी स्वहस्ते केलेले. ती सगळी स्कॅन करून यंत्राला वाचायला दिली.

मुलांनी स्वहस्ते केलेले. समितीत एकही माणूस महाराष्ट्रात दहावी झालेला नसावा.

जर्नल कसं पूर्ण करतात? मागच्या वर्षीच्या ताईचं किंवा दादाचं जर्नल आणतात. आधी उत्तर लिहितात, मग उत्तराला शोभतील अशी निरीक्षणं मागे भरत येतात, आणि खरं वाटावं म्हणून एखाद्या आकड्यात शेवटी थोडं इकडेतिकडे करतात. त्या थोड्या इकडेतिकडेला आम्ही 'प्रायोगिक त्रुटी' म्हणतो. माझ्या दहावीत लोलक कपाटातून बाहेर आलाच नव्हता. मी मात्र त्याची वीस आंदोलनं सेकंदाच्या दशांशापर्यंत मोजली होती.

तर प्रत्ययने हे सगळं वाचलं आणि त्यातून निसर्ग कसा असतो ते ठरवलं. निसर्ग अतिशय आज्ञाधारक निघाला.

एका प्रयोगात मात्र गंमत झाली. पाण्याचा उत्कलनबिंदू काढण्याच्या प्रयोगात आठ पायऱ्या आहेत, असं प्रत्ययचं म्हणणं होतं. पुस्तकात सात होत्या. सहावी पायरी पडद्यावर अशी यायची : 'मामांनी चहा आणला.' शाळेतल्या शिपायाला आपण मामा म्हणतो, हे यंत्राला जर्नलांमधून कळलेलं होतं. चहा आला नाही तर दोन गुण कापायचे.

पहिल्या आठवड्यात शिक्षक हसले. मग निकाल लागले आणि शिक्षक मामांना शोधू लागले. महिन्याभरात परिपत्रक आलं. चहा हा 'उकळलेल्या द्रवाचा संदर्भ-नमुना' असून तो अनिवार्य आहे. ज्या शाळांत मामांचं पद रिक्त आहे तिथे ज्येष्ठ शिक्षकांनी मामांची भूमिका पार पाडावी. साखरेबाबत स्वतंत्रपणे कळवण्यात येईल.

राज्यात कोणी विचारलं नाही, चहा का. मीही नाही. आमचे शिंगटे मामा दर वर्गाला सहाव्या पायरीवर दारातून कप घेऊन यायचे, कॅमेऱ्याकडे बघून थांबायचे आणि पडद्यावर हिरवी खूण आली की तो चहा मला द्यायचे. खरं सांगायचं तर शासनाच्या इतर कोणत्याही योजनेचा लाभ माझ्यापर्यंत इतका थेट पोचलेला नाही.

मग ईश्वरी ढेबेने पाणी मोजलं.

ईश्वरी पठाराच्या टोकावरच्या धनगरवाड्यातली. दहावीत. घरी अठरा म्हशी. कमी बोलणारी मुलगी, आणि डोळ्यांसमोर असलेलं लिहायची तिला वाईट सवय. तिच्या जर्नलमध्ये उत्कलनबिंदूपुढे होतं : शहाण्णव.

पडद्यावर आलं : 'यंत्राने पाहिलेले तापमान ९५.९. विद्यार्थिनीची नोंद ९६. अपेक्षित १००. फरकाचे कारण : विद्यार्थिनी. गुण : शून्य.'

वर्गातल्या उरलेल्या एकतीस मुलांनी त्याच टेबलावर, त्याच पाण्यात थर्मामीटर बुडवून शंभर लिहिलं होतं. त्यांच्यापुढे आलं : 'यंत्राने पाहिलेले तापमान ९५.९. नोंद १००. अचूक.'

"सर, त्यालाच दिसलंय की शहाण्णव," ईश्वरी म्हणाली.

"दिसू दे. तू शंभर लिही."

"पण शहाण्णवच झालं. तीनदा केलं मी. नंतर तासभर उकळत ठेवलं, तरी पारा हलला नाही."

"थर्मामीटर खराब असेल."

"बर्फात शून्य दाखवतो. बघितलं मी."

हे मला कोणी शिकवलं नव्हतं आणि मी तिला शिकवलं नव्हतं. ते तिचं तिने कुठून काढलं, याची चौकशी करायचा मोह मी आवरला.

शहाण्णव का, ते मला त्या संध्याकाळी आठवलं, आणि लाज वाटावी इतकं सोपं होतं. पाणी उकळतं म्हणजे त्याच्या पोटात वाफेचे बुडबुडे तयार होतात. वरून हवेचा दाब त्या बुडबुड्यांना चिरडत असतो. पाणी तापतं तसं वाफेला बळ येतं आणि ती दाबाला पुरून उरली की पाणी उकळतं. समुद्रकाठी डोक्यावर हवेचा पूर्ण थर असतो, तिथे शंभर अंश लागतात. वर चढत जाल तसा थर पातळ होतो, दाब कमी होतो आणि वाफेचं काम सोपं होतं. दर तीनशे मीटरला साधारण एक अंश कमी. बाराशे तीस भागिले तीनशे. पाटी शाळेच्या फाटकावरच होती.

हे समजल्यावर मी काय केलं? शिक्षकाला लॉगिन असतं आणि त्यात 'लेखनदोष दुरुस्ती' नावाचं बटण असतं. ईश्वरीला शून्य म्हणजे तिची विज्ञान शाखा गेली, आणि वर्गातला एक जरी शून्यावर राहिला तर माझं कायम होणं गेलं. मुदत पुढच्या शनिवारपर्यंत होती. मी शहाण्णवचं शंभर केलं. वीसपैकी वीस. माझ्या कारकिर्दीतला हा पहिला प्रयोग, ज्यात मला अपेक्षित निष्पत्ती मिळाली.

दुसऱ्या दिवशी तिने पडद्यावर गुण पाहिले, मग माझ्याकडे पाहिलं.

"सर, तुम्ही माझं पाणी बदललंत."

"तुझ्या भल्यासाठी."

"पाणी माझं होतं." एवढंच म्हणाली. मग तिने हरकतीचं बटण दाबून माझी दुरुस्ती रद्द केली आणि शहाण्णवच बरोबर अशी हरकत नोंदवली. असं बटण विद्यार्थ्यांना आहे हे मला माहीत नव्हतं. तिने सूचना वाचल्या होत्या.

तिसऱ्या दिवशी ढेब्यांकडून माझ्या खोलीवर येणारं दूध बंद झालं. रस्त्यात तिचे वडील, कोंडीबा ढेबे, भेटले. म्हशी पुढे घालून निघाले होते.

"आबा, दूध आलं नाही?"

"न्हाई आलं." ते काठीवर रेलले. "मास्तर, एक इचारू? आमी दुधात पानी घातलं तर लोक आईभनीवरनं बोलत्यात. तुमी तर निसत्या पान्यात भेसळ केली. कसं जमतं वो?"

मी रस्त्याच्या कडेला सरकलो. एक म्हैस थांबून माझ्याकडे पाहत राहिली. तीही ढेब्यांचीच होती.

मुख्याध्यापक निकम सर सत्तावन्न वर्षांचे. याच गावचे, याच शाळेत शिकलेले, पुढच्या वर्षी निवृत्त. त्यांचं अक्षर इतकं सुंदर की गावातल्या प्रत्येक लग्नपत्रिकेच्या पाकिटावर तेच असायचं. त्यांनी ईश्वरीला केबिनमध्ये बोलावलं. मीही होतो, कारण हरकतीवर माझंच नाव होतं.

"बाळ, पाणी शंभरला उकळतं," ते म्हणाले. "चौतीस वर्षं शिकवतोय मी."

"सर, तुम्ही मोजलंय?"

निकम सर खिडकीबाहेर बघू लागले. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, मी नंतर जाऊन पाहिलं.

"हरकतीला पुरावा लागतो," ते शेवटी म्हणाले. "याआधी कोणी शहाण्णव पाहिलंय असं एक तरी जर्नल. तेही यंत्राने मान्य केलेल्या साठ्यातलं. एक कोटी चाळीस लाख जर्नलं आहेत. बघ शोधून. शनिवारपर्यंत."

हे त्यांनी नकार म्हणून सांगितलं होतं. ईश्वरीने ते गृहपाठ म्हणून घेतलं.

तीन दिवस ती मधल्या सुट्टीत आणि शाळा सुटल्यावर प्रयोगशाळेत बसून होती. जर्नलांचा साठा सगळ्यांना खुला आहे. तो कोणी उघडत नाही म्हणूनच खुला ठेवला असावा. पहिले दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी मी स्वतःच तिच्या मागे जाऊन उभा राहिलो.

"शहाण्णव सापडलं?"

"शहाण्णव शोधत नाहीये. सगळीकडे शंभरच आहे." तिने टॅब माझ्याकडे वळवला. "चहा शोधतेय."

"चहा कशाला?"

"सर, आमच्या चंद्री म्हशीचं डावं शिंग आत वळलेलं होतं. आता आठ म्हशींचं तसं आहे. बाजारात कुठलीही म्हैस दिसली आणि शिंग तसं असलं की आबा सांगतात, ही आपल्या चंद्रीच्या वंशातली. इथे पण तसंच आहे. पुस्तकात चहा नाही. मग दोन शाळांच्या जर्नलात चहा आला तर तो आपोआप थोडाच आला? एकीने दुसरीचं उतरवलं."

मी खुर्ची ओढून बसलो. तिने चहाची वंशावळ काढली होती. उतरवताना प्रत्येकाने काही ना काही गाळलं होतं. अलीकडच्या जर्नलांत नुसतं 'मामांनी चहा आणला'. पंधरा वर्षं मागे गेलं की 'मामांनी दोन कप चहा आणला'. त्याच्या मागे 'मामांनी कान तुटलेल्या दोन कपांतून चहा आणला'. एका मोठ्या शहरातल्या शाखेत चहाचा 'अल्पोपहार' झाला होता आणि पुढे कोणीतरी त्याची आकृती काढून नावं दिली होती. जितकं मागे जावं तितका चहा तपशीलवार होत जायचा. तिने सरळ हिशेब मांडला होता : ज्या जर्नलात सर्वांत जास्त तपशील, ते मुळाच्या सर्वांत जवळ.

"आणि मूळ?" मी विचारलं.

"सगळे धागे एका गाइडात जातात. त्या गाइडात जिल्हा प्रदर्शनातलं एक 'नमुना जर्नल' छापलंय. त्याच्यावर शाळेचं नाव आहे." ती थांबली. "आपलंच आहे, सर. सन नव्व्याण्णव."

शुक्रवारी दुपारी शिंगटे मामांनी भांडारातलं जुनं लोखंडी कपाट उघडलं. उत्तम अक्षराची जर्नलं आमच्या शाळेत नमुना म्हणून ठेवतात. आशयाची ठेवायची पद्धत नाही. गठ्ठ्यात नव्व्याण्णव सालचं ते निघालं, साठ्यात घेतल्याच्या शिक्क्यासकट. वर सुंदर वळणदार अक्षरात नाव : निकम रघुनाथ साहेबराव, इयत्ता दहावी.

निकम सर दारातच उभे होते. त्यांना कोणी बोलावलेलं नव्हतं.

ईश्वरीने पान उघडलं. उत्कलनबिंदूपुढे निळ्या शाईत लिहिलं होतं, '९६'. त्यावर लाल फुली. शेजारी लाल शाईत, '१००', यंत्राने वाचलेलं तेवढंच, आणि समासात शेरा : 'निरीक्षण नीट करावे. खोटे लिहू नये.' खाली पुन्हा निळ्या शाईत : 'पाणी उकळत असताना मामांनी कान तुटलेल्या दोन कपांतून चहा आणला. एक सरांना दिला व एक स्वतः घेतला. चहा उकळत्या पाण्याइतका गरम नव्हता.' त्यावर लाल टिक, आणि पानाच्या तळाशी : 'अक्षर उत्तम.'

आम्ही उभे होतो. एका मुलाने जे पाहिलं ते सगळं लिहिलं होतं. त्यातलं जे महत्त्वाचं होतं ते त्याच्या सरांनी खोडलं, आणि उरलेलं त्यांना खोडण्याइतकं महत्त्वाचं वाटलं नाही. मग बेचाळीस वर्षं अख्ख्या राज्याने ते अक्षर उत्तम म्हणून उतरवलं. इतक्या वर्षांत शालेय विज्ञानात खरोखर पाहून लिहिलेलं एकच वाक्य टिकलं होतं, आणि ते चहाबद्दल होतं.

"ते मामा म्हणजे आमचे वडील," शिंगटे मामा म्हणाले. "तो कप आमच्या घरी अजून आहे."

निकम सरांनी चष्मा काढला. शर्टाच्या टोकाने पुसला. पुन्हा पुसला.

"दोनदा मोजलं होतं मी," ते म्हणाले. "दुसऱ्यांदा मोजलं म्हणून पट्टी बसली. हातावर. इथे." त्यांनी तळहात पाहिला, जणू वळ अजून शोधण्यासारखा होता. "मग मला वाटलं, मलाच दिसत नसेल नीट. पुढच्या वर्षी चष्मा लागला, तेव्हा तर खात्रीच पटली."

बराच वेळ कोणी बोललं नाही. ईश्वरी वहीत काहीतरी लिहीत होती.

"मामा, बर्नर लावा," निकम सर म्हणाले.

पाणी उकळलं. मामांनी सवयीने चहा आणला. निकम सरांनी वाकून पारा पाहिला आणि पाहतच राहिले. मग हरकतीच्या अर्जावर मुख्याध्यापकांच्या रकान्यात त्यांनी ते अक्षर काढलं : 'मी दोन वेळा पाहिले आहे. सन १९९९ व आज. ९६.' आणि सही.

खाली शिक्षकाच्या सहीची जागा होती. तिथे सही करणं म्हणजे माझी दुरुस्ती खोटी होती हे लिहून देणं. मी आयुष्यभर उत्तर आधी लिहून मग निरीक्षणं भरली होती. या वेळी उत्तर माहीत नव्हतं. मी घाईने सही केली, ती बिघडली. 'अक्षर उत्तम' मला कोणी लिहिणार नव्हतं.

अर्ज पाठवण्याआधी मी ईश्वरीचं नवं जर्नल चाळलं. सातव्या पायरीपुढे होतं : 'मुख्याध्यापकांनी चष्मा काढून दोनदा पुसला. चार मिनिटे कोणी बोलले नाही.'

"हे काढ," मी म्हणालो.

"झालं ना पण?"

"झालं."

"मग."

सोमवारी पडद्यावर आलं : 'हरकत मान्य. अपेक्षित मूल्य सुधारले : ९६. गुण : वीसपैकी वीस.' ईश्वरी उठून नळावर पाणी प्यायला गेली. मंगळवारी माझ्या दारात दूध होतं. त्याच आठवड्यात मला कायम करण्यात आलं. अहवालात लिहिलं होतं की वर्गातल्या सर्व नोंदी अपेक्षित मूल्याशी जुळल्या. शंभर लिहिलेल्या एकतीस मुलांनी शनिवारीच शहाण्णव केलं होतं, कोणी सांगितलं नव्हतं तरी.

इथे थांबता आलं असतं. पण हरकत मान्य झालेलं आणि पूर्ण गुण मिळालेलं जर्नल प्रत्यय आपोआप 'आदर्श' म्हणून राज्यभर खुलं करतं, आणि आदर्श जर्नलाचं आपण काय करतो हे एव्हाना सांगायला नको.

पुढच्या वर्षी महाराष्ट्रभर पाणी शहाण्णवला उकळू लागलं. पठारांवर, मैदानांत, बंदरांवर, सगळीकडे. सातव्या पायरीवर मुख्याध्यापक प्रयोगशाळेत येऊन चष्मा काढून दोनदा पुसू लागले. ज्यांना चष्मा नव्हता त्यांच्यासाठी परिपत्रक निघालं. चार मिनिटं शांतता पाळणं काही शाळांना जड गेलं, तिथे राष्ट्रगीताचा पर्याय देण्यात आला. निकम सरांना निवृत्तीनंतर या पायरीचं प्रशिक्षण द्यायला बोलावलं गेलं. ते गेले नाहीत. घरी पाणी उकळत बसतात असं कळतं.

ईश्वरी आता साताऱ्याला अकरावीत आहे, विज्ञान शाखेत. एका शनिवारी ती शाळेत दाखला न्यायला आली होती, तेव्हाच ऑफिसात फोन वाजला. मी उचलला.

"सर, मी नाझनीन मुकादम. रत्नागिरीकडून बोलतेय, दहावीत आहे. आमची शाळा एकदम समुद्राला लागून आहे." मुलगी हळू आवाजात बोलत होती. "तुमच्या शाळेचं जर्नल पाहिलं. पण माझं पाणी शंभरला उकळतंय. मशीन शून्य देतंय." मागून कोणीतरी शिक्षक ओरडले, "शहाण्णव लिही आणि बस खाली, मुकादम."

माझ्या तोंडात वाक्य तयार होतं. तेच, ते शिक्षक म्हणाले तेच. सवय म्हणजे सवय. ईश्वरीने फोन माझ्या हातातून घेतला.

"किती वेळा मोजलंस?"

पलीकडून काहीतरी उत्तर आलं.

"थर्मामीटर बर्फात बघितलास? ... मग शंभरच लिही. शून्य मिळू दे. हरकतीचं बटण खाली उजव्या कोपऱ्यात असतं." मग थोडं थांबून, "आणि अजून जे जे झालं तेही लिही. ... मांजर? टेबलावर? ... हो, तेही."

तिने फोन ठेवला. शिंगटे मामा दारात चहा घेऊन उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"सर," ते म्हणाले, "पुढच्या वर्षासाठी एक मांजर बघून ठेवू का?"